कोणत्या भट्टीत?

मिलच्या हजेरीपटात दैवशाला भुतेकरच्या नावापुढे सव्वीस वर्षं एकच शब्द लिहिलेला आहे: टायपिस्ट. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पत्र्याची शेड जाऊन काचेचं ऑफिस झालं, दोन मॅनेजर आले नि गेले, पण तो शब्द काही जागचा हलला नाही. तिने तीनदा अर्ज केला. पहिल्यांदा शेठ म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, पदात काय ठेवलंय बाई, माणूस कामानं मोठा होतो. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा लावून अख्खा अर्ज वाचला, टायपिंग झकास आहे म्हणाले आणि कागद खणात टाकला. चौथा अर्ज तिने केलाच नाही. कोण डोकं फोडून घेणार?

आणि ही टायपिस्ट काम काय करते, ते ऐका. परदेशातून जहाजाने जे लोखंड मिलसाठी येतं, ते सरकारदरबारी कोणत्या नावाने उतरवायचं हे ती ठरवते. सरकारचं एक जाडजूड पुस्तक आहे. जगातल्या यच्चयावत वस्तूंना त्यात आकडे वाटून दिलेत. लोखंडाचा आकडा बहात्तर. त्या बहात्तराच्या पोटात चार म्हणजे भंगार, आणि सात म्हणजे अर्धवट तयार माल, ज्यातून पुढे सळई निघते. चारला जकात हलकी, साताला जड. माल तोच, गंज तोच, कंटेनरही तोच; पण कागदावर चार पडला की सात, यावर मालकाचं रक्त आटतं किंवा वाढतं.

पुस्तकात त्याच्या पानंच्या पानं व्याख्या आहेत. एक वाक्य सुरू झालं की दम लागेपर्यंत संपत नाही. दैवशालेने त्याचा अर्क काढून ठेवला होता. जे वितळवून पाणी केल्याशिवाय कुणाच्याच कामाचं नाही, ते चार. जे नुसतं लालबुंद तापवून रोलिंगला, म्हणजे लाटायच्या रुळांत, घालता येतं, ते सात. हे तिला कुणी शिकवलं नाही. जाफराबादकडच्या खेड्यातली पोर, भोकरदनच्या क्लासात टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली, लग्न होऊन जालन्यात आली आणि पोटापाण्यासाठी मिलमध्ये लागली. मुंबईच्या जकात-एजंटाचे कागद टाइप करता करता तिला प्रश्न पडायला लागले. मग ती दुपारी डबा खाल्ला की यार्डात जायची. पदर खोचून तुकड्याच्या कापलेल्या तोंडावरून बोट फिरवायची, वितीने लांबी मोजायची, क्रेनवाल्याला भंडावून सोडायची. लोक हसले. हसेनात का.

एकदा भंगार म्हणून आलेल्या ढिगाखाली तिला चांगल्या बिलेटची रांगच्या रांग दिसली. बिलेट म्हणजे सळईच्या आधीचा चौकोनी ठोकळा, चोख साताचा माल. तिने शेठला सांगितलं, आपणहून जाहीर करा. शेठ आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. पुढे सहा महिन्यांनी त्याच पुरवठादाराच्या मालावरून आजूबाजूच्या तीन मिलींना नोटिसा आल्या, यांना आली नाही. तेव्हापासून एमआयडीसीतल्या दुसऱ्या मिलींचे लोकसुद्धा हळूच फोन लावायला लागले. दैवशालाबाईंना विचारा, त्या बराबर सांगतील. तिला कुणी यासाठी काही दिलं नाही, तिने मागितलंही नाही. पण फोन आला की तिचा आवाज जरा बदलायचा, हे शेजारच्या टेबलावरच्यांना ठाऊक होतं.

अशा बाईच्या हातून चूक झाली. आणि झाली ती एका शब्दाने.

जालन्यात भट्टी म्हणजे भट्टी. भंगार वितळवून त्याचं पाणी करते तीही भट्टी, आणि बिलेट तापवून रोलिंगला देते तीही भट्टीच. माणूस भट्टीवर कामाला आहे म्हणतात, कोणत्या ते कुणी विचारत नाही. बायकोलाही ठाऊक नसतं. बाहेरचा माणूस गोंधळून जातो. दैवशाला बाहेरची नव्हती. तिला या शब्दाची खोड चांगली माहीत होती, म्हणून वर्षानुवर्षं ती न चुकता दुसरा प्रश्न विचारायची, "कोणत्या भट्टीत?" यार्डाचा सुपरवायझर पुंजाराम तर तिला चिडवायचा, की बाई, तुम्ही वर गेल्यावर यमालाही विचारताल, कोणत्या भट्टीत?

त्या दिवशी तिने विचारलं नाही. तीन जहाजांचे कागद एकदम आलेले. परदेशातल्या पुरवठादाराने बिलावर नुसतंच 'लोखंडी तुकडे' असं लिहिलं होतं, फोटो अंधुक होता, आणि मुंबईचा एजंट दर पाच मिनिटांनी फोन करून राह्यला होता. तिचे गुडघे वर्षभरापासून धरलेले, डोळ्यांची आग होत होती. तिने पुंजारामला फोन लावला नि विचारलं की हा माल आपल्याकडं कुठं जायचाय. तो म्हणाला, "भट्टीत, बाई. दुसरीकडं कुठं जाणार?" तिने फोन ठेवला आणि चार टाकला. वितळवण्यासाठी आणलेलं भंगार, असं खाली पत्रही टाइप केलं.

आता कुणी म्हणेल कामाचा ताण होता. होता ना. पण खरं सांगायचं तर तिला कंटाळा आला होता. सव्वीस वर्षं तोच प्रश्न विचारून माणूस थकतो. एक दिवस त्याला वाटतं, जाऊ दे. तो एक दिवस नेमका तो होता.

बंदरात कंटेनर उघडला तेव्हा आतले तुकडे निघाले सगळे सारख्या लांबीचे, चौकोनी, स्वच्छ कापलेले. भंगार असं रांगेत बसून येतं का कधी? कस्टमच्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. हमीचा बाँड वगैरे लिहून घेऊन माल सोडला, पण पाठोपाठ त्याच खात्याचे तिघं जण थेट मिलमध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी कामगारांना विचारलं, हे तुकडे कुठं जातात? ज्याला विचारलं तो म्हणाला, भट्टीत. साहेबांनी समाधानाने लिहून घेतलं. आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत तोच तुकडा भट्टीतून लालभडक होऊन बाहेर आला आणि रोलिंगमध्ये शिरून पलीकडून सळई होऊन निघाला. तिघंही बघतच राहिले.

पुंजाराम संध्याकाळी तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तोंड एवढंसं झालेलं. मी तर खरंच सांगितलं होतं ना बाई, एवढंच त्याने दोनदा म्हटलं. तिने त्याला बसायला सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे तिला त्याच्याआधी कळलं होतं. विचारायचं काम तिचं होतं.

आठवड्याने समन्स आलं. ज्याने कागद तयार केला त्याने कस्टमच्या संभाजीनगरच्या ऑफिसात येऊन जबाब द्यावा. शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला.

राधेश्यामशेठ वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तिच्या मुलीच्या लग्नाला ते पूर्ण वेळ बसले होते, आणि भुजंगरावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, ऑपरेशनला त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. पण धंद्याची गोष्ट आली की त्यांना माणूस दिसत नाही, मार्ग दिसतो. आणि वकिलाने मार्ग काढून दिला होता. कॉम्प्युटरच्या कीबोर्डावर उजव्या बाजूला जे आकडे असतात, त्यात साताच्या बरोबर खाली चार असतो. बोट जरा खाली पडलं. झालं, टायपिंगची चूक. वितळवण्याचं पत्र? आकडा पाहून त्याच टायपिस्टने नेहमीचा मजकूर खाली जोडला. जी काही जकात निघेल ती मिल भरून टाकील, कुणाच्या मनात पाप नव्हतं, प्रकरण मिटलं.

"तुम्ही फक्त जाऊन हो म्हणायचं," शेठ म्हणाले. "टायपिस्टला कोण दंड लावतो, बाई?"

तिने विचारलं, पुंजारामचं काय? शेठ म्हणाले, त्याचं नाव कशाला मध्ये आणायचं, तो पण सुटला, तुम्ही पण सुटल्या, मी पण सुटलो. दोन महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय, आनंदाने घरी जा. आणि यात खोट काढायला तिला काही सापडेना. सगळे सुटत होते. त्यासाठी तिने फक्त सव्वीस वर्षं नुसती बोटं चालवली, एवढं कबूल करायचं होतं.

घरी आल्यावर तिने भुजंगरावांना सगळं सांगितलं. ते एसटीत कंडक्टर होते, आता पेन्शनीत. डोळ्याच्या ऑपरेशनानंतर काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेले असायचे. ऐकून घेतलं नि म्हणाले, सही करून मोकळी हो. मी तीस वर्षं तिकिटं फाडली, मला कुणी कंडक्टर म्हणलं तर मी रडत बसलो का?

"तुम्ही कंडक्टरच होता ना," ती म्हणाली. "मी टायपिस्ट न्हाई."

 ते म्हणाले, दैवशाला, तुझी तब्येत बघ आधी. आता या वयात नोटिसा नि वकील कुठं निस्तरत बसणार? सहा महिने झाले, तू कामावरून येतीस तेव्हा पाच मिनिटं बोलत न्हाईस. तेही खरंच होतं. रात्रभर झोपूनही तिचा शीण जात नव्हता. भाकरी थापता थापता तिने ठरवून टाकलं. सही करायची. शब्दासाठी भांडायची ताकद आता तिच्यात राहिली नव्हती, आणि ज्या गोष्टीसाठी तीन अर्ज वाया गेले तिच्यापायी चौथ्यांदा हसं करून घ्यायची हौसही नव्हती.

मंगळवारी ती सकाळच्या एसटीने संभाजीनगरला गेली. ऑफिसात तासभर बाकावर बसवलं. मग आत बोलावलं. टेबलामागे तीस-बत्तिशीची बाई, पाटीवर नाव प्रिया आणि पुढे काहीतरी लांबलचक पद. दैवशालेची नजर त्या पदावरच जरा वेळ राहिली. बाई स्वभावाने चांगली होती. उठून तिने स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला, ताई म्हणाली, घाबरू नका म्हणाली.

"तुमच्या मिलचं पत्र आलंय, त्यामुळे तुम्हाला फार काही विचारायचं नाही. तुम्हाला त्यातलं काय माहीत असणार? इथं सही करा."

बाईने जबाबाच्या कागदासोबत मिलचं पत्रही जोडपत्र म्हणून पुढे सरकवलं होतं. पत्र इंग्रजीत होतं. दैवशालेने ते जवळ ओढलं. सवयच होती, कागद वाचल्याशिवाय तिने उभ्या जन्मात कुठं सही केली नव्हती. बोटाची चूक, साताखाली चार, सगळं ठरल्याप्रमाणे होतं. ती सही करणारच होती. पेन हातात घेतलेलं होतं. मग तिला खालचं शेवटचं वाक्य दिसलं, जे शेठनी चहा पिताना सांगितलं नव्हतं. सदर कर्मचारी ही केवळ टायपिस्ट असून तिला मालाचे अथवा त्याच्या वर्गीकरणाचे कोणतेही ज्ञान नाही.

तिने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.  राग म्हणावा तर रागही नव्हता, तेवढं अंगात त्राणच कुठं होतं? तिला फार वाईट वाटलं, बस. इतकी वर्षं यार्डातल्या ढिगांपाशी वाकून हात काळे केले ते कुणी पाहिलंच नव्हतं का? की सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी हे वाक्य लिहिताना वकिलाचा, शेठचा, कुणाचाच हात थांबला नाही? हाच प्रश्न तिला जास्त लागला.

तिने पेन खाली ठेवलं. "हे वाक्य खरं न्हाई, मॅडम."

प्रियाबाईने विचारलं, कोणतं. तिने बोट ठेवून दाखवलं. बाईने उठून दार लोटून घेतलं. ताई, थांबा, म्हणाली. नीट समजून घ्या. टायपिंगची चूक असेल तर तुमच्यापुरतं हे आज इथंच संपतं. आकडा तुम्ही ठरवला असं लिहून दिलंत, तर नोटीस तुमच्या नावाने निघू शकते, दंडही लागू शकतो, आणि रिटायर झालात तरी ती पाठ सोडणार नाही. मिल तुमच्या पाठीशी उभी राहीलच असं नाही. हे तुम्हाला कळतंय ना?

कळत होतं. दैवशालेने ग्लासातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. घरी भुजंगराव काय म्हणतील तेही तिला बसल्या जागी ऐकू येत होतं.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "पण ती बोटाची न्हाई, डोक्याची आहे. तसं लिहा."

मग तिने सांगायला सुरुवात केली. भट्टी हा शब्द कसा दोन्हीकडे वापरतात ते सांगितलं, तेव्हा प्रियाबाईने कपाळाला हात लावला. मिलमध्ये गेलेल्या तिघांत तीही होती, आणि कामगारांनी संगनमत करून खोटं सांगितलं असंच ती धरून चालली होती. कुणी खोटं बोललं न्हाई, दैवशाला म्हणाली. त्यांनी उत्तर बराबर दिलं, मी प्रश्न अर्धा विचारला. तुकडा चारचा की साताचा हे कापलेल्या तोंडावरून कसं ओळखायचं, लांबी सारखी असली की कान का टवकारायचे, फोटो अंधुक असला तर काय मागवायचं, हे सगळं तिने एकामागून एक सांगितलं. बाईने मध्येच विचारलं, भट्टीत असं तुम्हाला फोनवर कुणी सांगितलं? दैवशाला म्हणाली, आमच्याकडं समदेच तसं म्हणतात, कुणा एकाचं नाव काय लिहिता, माझंच लिहा. बाईने पुन्हा विचारलं नाही. दीड तास लागला. सव्वीस वर्षांत तिला एवढा वेळ कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवटी पदाचा रकाना आला. बाईचा हात थांबला. दैवशाला म्हणाली, मिलच्या कागदात टायपिस्ट आहे. खोटं कसं सांगू? बाईने तेच लिहिलं, आणि पुढे कंसात एक ओळ वाढवली. ती काय हे दैवशालेला उलट्या बाजूने वाचता आलं नाही, आणि प्रत हातात आली तेव्हा ती इतकी दमलेली होती की घडी करून पर्समध्ये टाकली आणि बसस्टँड गाठला.

शेठ संतापले नाहीत. ते नुसते बोलायचे थांबले. वकिलाने डोक्याला हात लावला, मॅनेजरने तिच्या टेबलावरचा कीबोर्ड उचलून दुसऱ्याला दिला, आणि उरलेले दिवस ती हजेरी लावून नुसती बसून राहिली. पुंजाराम तेवढा रोज दुपारी डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसायचा. तिच्याकडे पाहायची त्याला लाज वाटायची, तरी यायचा. निरोपाला शाल-नारळ झाला, दोन मिनिटांची भाषणं झाली, मॅनेजरने तिच्या टायपिंगच्या वेगाची तारीफ केली. तिने हात जोडले आणि घरी आली.

नोटीस आली पावसाळा संपता संपता. पोस्टमनने सही घेऊन लांब पाकीट दिलं. चष्मा आत राहिला होता, म्हणून तिने ते भुजंगरावांच्या हातात ठेवलं. त्यांचे डोळे आता बरे होते. ते ओट्यावर बसून इंग्रजीतून मराठी करत अडखळत वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं, न दिल्यास एकतर्फी निर्णय, दंड का लावू नये त्याची कारणं दाखवा वगैरे वगैरे. अगं, काय करून बसलीस तू, ते म्हणाले.

ती म्हणाली, वरून वाचा. नाव कुणाचं घातलंय ते वाचा.

त्यांनी कागद पुन्हा वर धरला. "श्रीमती दैवशाला भुजंग भुतेकर," ते वाचू लागले, "आयात मालाचं वर्गीकरण ठरवणारी जाणकार कर्मचारी..." आणि थांबले. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. प्रियाबाईने जबाबात कंसात वाढवलेली ओळ ती हीच.

सव्वीस वर्षांत तिचं काम काय होतं हे खरं लिहिलेला पहिलाच कागद तिच्या कानी पडला होता, आणि तो आरोपाचा होता. दैवशाला पायरीवर टेकली. गुडघे दुखत होते. पंधरा दिवसांत वकील बघायचा होता, खर्च होणार होता, आणि मिलमधलं कुणी फिरकणार नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"एकदा आणखी वाचा," ती म्हणाली. "तेवढीच ओळ."